मी येस

सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका लूम कारखान्यात साल त्र्याण्णवला असं आढळून आलं, की आपलं कापड परदेशी जात नाही याला कारण सूत नसून कामगारांची मराठी आहे. शेठने तातडीने उपाय योजला. दुपारच्या सुट्टीत इंग्रजी व्याकरणाचा वर्ग सुरू झाला आणि फलक लागला : आवारात इंग्रजीखेरीज बोललेले ऐकले जाणार नाही. फलक गुजरातीत होता, म्हणून सगळ्यांना समजला.

यात लोटू कामगार पुरता अडकला. रविवारी अमळनेरला त्याच्या मुलीची, वर्षाची, सुपारी फुटायची होती, आणि व्याह्यांनी बजावलं होतं : पोरीचा बाप बैठकीत नसेल तर सोयरीक मोडली समजा. लोटूने मराठीत रजा मागितली. मॅनेजर खिडकीबाहेर बघत बसला. अहिराणीत मागितली, त्याने पंखा वाढवला.

मग बायकोने, प्रमिलाबाईने, त्याची वर्गातली वही समोर धरून कंबर कसली. वाक्य चुकलं की ताटातली भाकर मागे! "अहो, 'टू' राहिलं!" असं करत तिने नवऱ्याला अर्धपोटी व्याकरणात पक्कं केलं.

शनिवारी लोटू मॅनेजरपुढे उभा राहिला. "सर, आय वाँट टू लीव्ह!"

मॅनेजर खुर्चीतून उठलाच. कारखान्यातलं पहिलं बिनचूक वाक्य!

"परमनंट?" त्याने विचारलं.

अहाहा! जन्मभर कच्च्या नोकरीत राबलेल्या माणसाला याहून गोड शब्द कुठला? लोटूला भरून आलं. रजाही मिळाली, नोकरीही पक्की झाली! हात जोडून तो निघाला. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही आपली रीत. आणि अहिराणीत 'येतो'ला म्हणतात 'येस'.

"मी येस, साहेब," लोटू म्हणाला.

'मी' नियमानुसार ऐकू गेलं नाही. 'येस' गेलं. राजीनामा जागीच मंजूर झाला, वर उत्तम इंग्रजीचा कप मिळाला.

फाटकावर निंबा वॉचमन, लोटूच्याच गावचा. त्याने लोटूचा पास काढून घेतला, तेव्हा कुठे लोटूच्या डोक्यात प्रकाश पडला.

"निंबा, मी नोकरी नही सोडी रे!"

निंबाचे डोळे भरले. पण तो ड्यूटीवर होता, त्याला काही ऐकू आलं नाही.

अमळनेरला कप बैठकीत हातोहात फिरला. व्याही म्हणाले, "नोकरीचं काय, दुसरी मिळेल. इंग्रजी बोला की जरा!"

"आय वाँट टू लीव्ह," लोटू म्हणाला. टाळ्या पडल्या, सुपारी फुटली. त्याचा आवाज का कापतोय, हे कुणी विचारलं नाही.

हसताय? हसा, हसा. परवा तुमच्या दारातून पाहुणे 'येतो' म्हणत निघाले, तेव्हा कडेवरच्या पोराला चिमटा काढून तुम्ही 'बाय' म्हणायला लावलंत. आणि पोराने ते अगदी बिनचूक म्हटलं.