रकाना सात

योगशिक्षकाच्या परवान्यासाठी अर्जदाराचं स्वतःचं एक दुःख लागतं, आणि ज्याच्याकडे ते नसेल त्याला नोंदणी कार्यालय आपल्या साठ्यातून देतं. केतकी दुधाळकडे ते नव्हतं.

बाकी सगळं होतं. योगशास्त्रातली पदवी होती, कधी साधं मुरगळलंही नाही असं चोवीस वर्षांचं शरीर होतं, आणि समाजमंदिराच्या हॉलमध्ये रोज सकाळी जमणाऱ्या एकवीस बायका होत्या. परवान्याशिवाय हॉल फक्त पंधरा जूनपर्यंत मिळणार होता. तिनं अर्ज मे महिन्यातच भरला. तो लाल शाईच्या शेऱ्यासह परत आला.

रकाना सात होता, 'योगाकडे वळण्यास कारणीभूत झालेले दुःख'. तिथे तिनं 'नाही' असं लिहिलं होतं. रकाना नऊ, 'अध्यापनदृष्टी'. तिथे लिहिलं होतं, 'अंग हलवण्यात मजा असते. ती ज्याची त्याला परत मिळवून द्यावी, एवढंच शिक्षकाचं काम.' खाली शेरा होता, 'सात रिकामा असल्याने नऊ निराधार.'

कार्यालयाच्या भिंतीवर जिल्ह्यातल्या शिक्षकांचे परिचय चौकटीत लावलेले होते. उपळेकर सर मणक्याच्या आजारानं तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते, म्हणून त्यांची दृष्टी 'वेदना हाच गुरू'. ठोसर मॅडमना लहानपणापासून दमा, त्यांची दृष्टी 'श्वास हीच श्रीमंती'. गव्हाणे सरांची बायको निघून गेली होती. ते शरीर सैल सोडायला फार छान शिकवत. प्रत्येकाचा नऊ त्याच्या सातातून निघाला होता. केतकीनं सगळ्या चौकटी वाचल्या आणि ती खिडकीपाशी गेली.

साठ्याचं काम तांबोळींकडे होतं. बत्तीस वर्षांची नोकरी, खिशाला दोन पेनं, आणि आवाज असा की समोरच्यानं भांडण उकरून काढलं तरी पेटू नये.

"सर, ज्याला काही दुखत नाही त्यानं शिकवायचंच नाही का?" केतकीनं विचारलं.

"शिकवा की. ऐकणार कोण?" तांबोळी म्हणाले. "कंबर धरून आलेली बाई आधी बघते, हिची कंबर कधी धरली होती का. आम्ही कायदा नंतर केला, मॅडम. लोकांनी आधीच केला होता."

"परवाना मिळत नाही, हेच माझं दुःख धरा."

"एकाचं धरलं होतं. परवाना दिला की दुःख संपायचं, दुःख संपलं की परवाना रद्द. सात वर्षं ये-जा करत होता बिचारा. शेवटी गुडघे गेले, तेव्हा सुटला."

त्यांनी साठ्याची वही उघडली. योगदिनाच्या तोंडावर मागणी फार होती. मणका संपला होता. दमा, थायरॉईड, अर्धशिशी, सगळ्यांना प्रतीक्षायादी होती. परीक्षेतलं अपयश शिल्लक होतं, पण त्यावर आता कुणाचाच भरवसा राहिला नव्हता. तांबोळींचं बोट वहीच्या शेवटच्या पानावर थांबलं.

"एक आहे. गेल्या महिन्यात एक बाई निवृत्त झाल्या, त्यांनी जमा केलंय. थोरली बहीण, वय चौदा, विहिरीत बुडून." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला थोरली बहीण आहे?"

"आहे."

"मग बसेल. नसती तर आधी बहीण मंजूर करून घ्यावी लागली असती. ते दुसरं खातं, तिथे वर्ष जातं."

"पण ती जिवंत आहे," केतकी म्हणाली. "एकोणतीस वर्षांची आहे."

"हो, म्हणूनच तिची नाहरकत लागेल." त्यांनी एक छापील कागद पुढे सरकवला.

केतकीनं तो घेतला नाही. मग घेतला. पायरीवरून ती परत खिडकीपाशी आली. "सर, त्या निवृत्त बाईंनी दुःख जमा केल्यावर त्यांची बहीण परत आली?"

"नाही," तांबोळी म्हणाले. "दुःख जमा होतं. बहीण जमा होत नाही."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सोळा बायका होत्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा. उरलेल्या कुठे गेल्या ते हिराबाई मगरनी सांगितलं. हिराबाई तीस वर्षं अंगणवाडीत होत्या आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी त्यांना कधीच सोडून दिलं होतं. पहिल्या दिवसापासून येणाऱ्या त्याच.

"ठोसरबाईंकडे गेल्या गं. ती बाई पायरी चढताना स्वतः धापा टाकते. बायकांना बरं वाटतं."

"मावशी, माझ्याकडे येऊन तुमचा हात डोक्याच्या वर जायला लागला ना?"

"गेला की. घरी सुनेला दाखवला. ती म्हणाली, त्या पोरीला काय, ती हसत-हसत वाकते, तिला काय माहीत दुखणं." हिराबाईंनी चटईची गुंडाळी केली. "मी येते गं पोरी. पण मी एकटी असले तर हॉल कोण देणार तुला?"

केतकीला राग आला. बायकांचा, तांबोळींचा, भिंतीवरच्या चौकटींचा. या जगात आनंदाला कुठल्याच कार्यालयात रकाना नाही, असं तिनं वहीत लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. नाहरकतीचा कागद त्याच वहीत होता. ती वही तिनं घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. ती तिथे का ठेवली, हे तिला कुणी विचारलं नाही.

तिची थोरली बहीण रेणुका एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची आणि घरी आल्यावर सगळ्यांच्या कोपराच्या खळगीकडे बघत बोलायची. तिनं चहा ठेवला, वही उघडली, कागद वाचला.

"चौदाव्या वर्षी," ती म्हणाली. "म्हणजे दहावीचं गणित वाचलं."

"ताई, मी नाही म्हणून सांगणार आहे त्यांना."

"कधी?"

केतकीनं दोन कप काढून ठेवले.

"जन्मभर तू माझे जुने फ्रॉक घातलेस," रेणुका म्हणाली. "माझी पुस्तकं, माझी सायकल. आता एवढंच राहिलं होतं." तिनं चहा गाळला. "विहिरीत का पण? मला पोहता येतं."

"साठ्यात तेवढंच आहे."

"तुला दुसरं काही जमणार आहे का? खरं सांग. बँकेत बसशील? माझ्यासारखी सुया टोचशील?"

"नाही."

"मग." रेणुकानं पदराला हात पुसले आणि पर्समधून पेन काढलं. कागद टेबलावर होता, केतकीच्या हातापासून वीतभर अंतरावर. केतकीनं तो ओढून घेतला नाही. रेणुकानं सही केली, तारीख घातली आणि कप पुढे सरकवला. "चहा पी. गार झाला की तू टाकून देतेस."

सोमवारी दोघी कार्यालयात गेल्या. रेणुकाला पुढे कामावर जायचं होतं, म्हणून तिनं डबा बरोबर घेतला होता. तांबोळींनी दोघींना बाकावर बसवलं आणि यादी काढली. चौदाव्या वर्षानंतर रेणुकानं जे जे केलं होतं ते कुणाच्या तरी नावावर करावं लागत होतं.

"वडिलांच्या आजारपणात दवाखान्यात कोण होतं?"

"मी," रेणुका म्हणाली. "अठरा दिवस."

"केतकी मॅडमच्या नावे करू?"

"करा. तिनं डबे पोचवलेच होते."

"आईला मोबाईल वापरायला कुणी शिकवलं?"

"ते शेजाऱ्यांच्या नावे घाला. तिला अजूनही नीट येत नाही, आळ आमच्यावर नको."

तांबोळींनी तसं लिहिलं. बराच वेळ हे चाललं. शेवटी त्यांनी केतकीकडे पाहिलं. "तुमच्या शिकवण्यात बहिणीकडून आलेलं काही आहे? चौदानंतरचं?"

केतकी म्हणाली, "हातांवर उलटं उभं राहणं."

ती अकरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. रेणुका सोळाची. मागच्या अंगणात, भिंतीला पाय टेकून. हात जमिनीवर ठेवले की केतकी ओरडायची, सोडू नको हं, आणि रेणुका तिचे घोटे पकडून म्हणायची, धरलंय. सगळं अंगण उलटं व्हायचं, दोरीवरचे कपडे वर जायचे, आणि केतकीला इतकं हसू यायचं की तोल जायचा. तिच्या रकाना नऊमध्ये जे लिहिलं होतं ते इथून आलं होतं. एवढं सगळं तिनं तांबोळींना सांगितलं.

तांबोळींनी पेन थांबवलं. "उभं राहणं तुमच्याकडेच राहील. कुणी शिकवलं, तेवढं जाईल."

"आणि मजा?" केतकीनं विचारलं.

"तो जुना नऊ झाला, मॅडम. नवा नऊ नव्या सातातून काढावा लागेल."

रेणुका उठली आणि केतकीच्या मनगटाला हात लावला. शीर शोधताना लावायची तसा, दोन बोटांनी. "छान लागतात तुझ्या शिरा," ती म्हणाली. "रक्त द्यायला कधी घाबरू नकोस."

"ताई, राहू दे," केतकी म्हणाली. "चल घरी."

पण ती बाकावरून उठली नव्हती. तांबोळी दोघींकडे पाहत थोडे थांबले. मग त्यांनी शिक्का शाईत टेकवला आणि कागदावर मारला.

केतकी बाकावर एकटीच बसली होती. थोरली बहीण विहिरीत बुडून पंधरा वर्षं झाली होती. त्या दुःखाची तिला सवय होती. शेजारी एक स्टीलचा डबा होता.

"हा तुमचा?" तांबोळींनी विचारलं.

तिनं डबा उचलून पाहिला. अजून कोमट होता. "नाही," ती म्हणाली.

त्यांनी तो जमा करून घेतला आणि तिच्या हातात परवाना दिला.

जूनच्या पंधरा तारखेला हॉलमध्ये चौतीस बायका होत्या. दारावर तिच्या परिचयाची नवी चौकट लागली होती. वयाच्या नवव्या वर्षी थोरल्या बहिणीचा विहिरीत बुडून मृत्यू, त्यातून दृष्टी: 'शरीर नश्वर आहे. त्याला शांत राहायला शिकवावं.' ठोसरबाईंकडे गेलेल्या परत आल्या होत्या. त्या आता केतकीकडे वेगळ्या नजरेनं बघत, आणि ती वाकली की आपणही सावकाश वाकत. कुणी हसत नव्हतं.

हिराबाईंनी तिच्या गालाला हात लावला. "कधी बोलली नाहीस गं. एवढं पोटात ठेवून आम्हाला हसवत होतीस."

"हसवत होते?" केतकीनं विचारलं.

"मग काय. माझ्या सुनेला आज घेऊन आलेय बघ."

वर्गाच्या मध्यावर तपासनीस आले. कोरे नावाचे बारीकसे गृहस्थ होते, हातात वही. नव्या परवानाधारकाचा एक वर्ग बघायचा असा नियम आहे. त्यांनी बूट बाहेर काढले आणि भिंतीशी खुर्ची घेऊन बसले.

केतकी भिंतीपाशी गेली. तळवे जमिनीवर ठेवले. पाय उचलण्याआधी ती म्हणाली, "सोडू नको हं."

मग ती थांबली. दोन-तीन श्वास, कुणीतरी उत्तर द्यावं एवढा वेळ. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता. तिनं पाय वर फेकले. ते भिंतीला लागले नाहीत, हवेत किंचित फाकून राहिले, जसं कुणी घोटे धरणार आहे. थोडे थरथरले आणि एकटेच स्थिर झाले.

चौतीस बायकांनी आपापल्या चटईवर हात टेकले, ज्यांना जमत होतं त्यांनी आणि ज्यांना जमत नव्हतं त्यांनीही, आणि एका सुरात म्हणाल्या, "सोडू नको हं."

केतकी खाली आल्यावर कोरेंनी विचारलं, "हे कुणाकडून शिकलात?"

तिनं आठवून पाहिलं. मागचं अंगण आठवलं, दोरीवरचे कपडे आठवले. "माझी मीच," ती म्हणाली.

"आणि आधी म्हणता ते?"

"ते म्हणायचं असतं."

कोरेंनी चौकट पुन्हा वाचली. विहीर, बहीण, वय. मग समाधानानं मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'आसनापूर्वीचे वाक्य रकाना सातशी सुसंगत. दृष्टी अस्सल.' त्यांनी वही तिच्यापुढे धरली. केतकीनं शेऱ्याखाली सही केली, आणि बायका दुसऱ्या वेळेसाठी भिंतीकडे वळल्या.