तिसरा डबा

सकाळी सातला मातीपरीक्षकाने तिसरा डबा वजनकाट्यावर ठेवला आणि हातातला चहा विसरला. वजन कालच्यापेक्षा वाढलं होतं!

खरं तर काम सरळ होतं. बुडाला भोकं पाडलेल्या डब्यांत तीन शेतांची माती भरून ती चिंब भिजवायची, जादा पाणी निथळू द्यायचं आणि मग रोज वजन करायचं. जी माती सावकाश हलकी होईल ती ओल धरून ठेवणारी. प्रयोगशाळेत रंगकाम निघाल्यामुळे डबे घरच्या गॅलरीत आले होते. पहिले दोन शहाण्यासारखे रोज हलके होत होते. दारालगतचा तिसरा मात्र पाच दिवस ढिम्म होता, आणि आज त्याने चक्क बाळसं धरलं होतं.

"अगं, ही माती हवेतलं पाणी ओढते!"

"ओढू दे. चहा घे आधी, गार झाला," बायको म्हणाली.

चहा कसला घेतो! तीन वर्षं तो हंगामी नोकरीत लोंबकळत होता. साहेब स्वतः अशाच शोधावर साहेब झाले होते. त्यांच्या गच्चीत एक माती आठ दिवस तसूभरही हलकी झाली नव्हती, त्याचं प्रमाणपत्र कचेरीत अजून टांगलेलं होतं. त्याने लगेच त्यांना फोन लावला.

अर्ध्या तासात साहेब दारात हजर. शर्टाची बटणं वरखाली, काखेत दुसरा वजनकाटा. त्यावरही तेच वजन आलं.

"नोकरी पक्की समजा!" साहेबांनी त्याला मिठीच मारली.

तेवढ्यात आई पाणी पीत गॅलरीत आली. अर्धा ग्लास पिऊन झाला आणि उरलेलं पाणी तिने सवयीने तिसऱ्या डब्यात ओतलं.

"आई! हे काय?"

"अरे, पिण्याचं पाणी मोरीत टाकवत नाही. रोज इथंच तर घालते."

परीक्षकाचं तोंड एवढंसं झालं. गेली नोकरी! साहेब मात्र खुर्चीत बसले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, तेव्हा गच्चीत माझे मातीचे डबे होते, आठवतात? त्यांना कोणी पाणी घालत होतं का?"

पलीकडचा आवाज साऱ्या गॅलरीला ऐकू आला. "मग! तुमचं कुठं लक्ष होतं? मीच घालत होते!"

साहेबांनी फोन खिशात ठेवला. एकदा डब्याकडे पाहिलं.

"तिसरा डबा अहवालातून काढा. आणि उद्या नोकरीचा पक्का हुकूम घेऊन जा," ते हळूच म्हणाले. "हे आपल्यातच राहू द्या. आई, मलाही जरा पाणी द्या."

आईने ग्लास भरून दिला. साहेबांनी थेंबही उरू दिला नाही.