नको तो शब्द खोडावा

सन २०१४ च्या ऑगस्टमध्ये मला एक सरकारी पत्र आले. उत्तर म्हणून एक शब्द खोडायचा होता आणि पाकीट पोस्टात टाकायचे होते. पाकीटही सोबत होते. त्यावर पत्ता छापलेला, तिकीट लावलेले. एवढी सोय असूनही मी वेळेत उत्तर दिले नाही. चौतीस वर्षे विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या माणसाने असे वागावे, याची मला लाज वाटते. अर्थात जे वाटते ती लाजच आहे की आणखी काही, याबद्दल माझी खात्री नाही.

पत्र इंग्रजीत होते. मराठी माझे आहे, आणि ते मुळापेक्षा थोडे सभ्य झाले आहे:

'विषय: आपल्या ताब्यातील पहाडी मोटारसायकल (लहान), नग एक. राज्याच्या विभाजनानिमित्त मालमत्तेची यादी अंतिम करावयाची आहे. सबब सदर यंत्र चालू / बंद आहे, हे कळवावे. नको तो शब्द खोडावा. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास यंत्र चालू असल्याचे गृहीत धरण्यात येईल.'

माझ्यासारख्याच्या ताब्यात मोटारसायकल कशी आली, हे आधी सांगायला हवे. त्या वर्षीच्या जूनमध्ये राज्याचे दोन तुकडे व्हायचे होते, आणि एप्रिलमध्ये हैदराबादेत, लग्नघरी पाहुणे यायच्या आधी अडगळ बाहेर काढतात तसे, प्रत्येक खाते आपली अडगळ बाहेर काढत होते. पहाड-पाहणी खात्याच्या आवारात लिलाव होता. तिथे साठ खणांचे सागवानी कार्ड-कपाट आहे असे कळले, म्हणून मी गेलो. यादीत लिहिले होते: 'लाकडी कपाट एक, व त्यामागील सर्व.' बोली माझ्या नावावर सुटली. कपाट हलवले तेव्हा मागे भिंतीला टेकून एक मोटारसायकल उभी होती.

"हे माझं नाही," मी म्हणालो.

"पीछे का भी उठाना पडता साब," लिलाववाला म्हणाला. "कागज पे है."

ती सत्तरच्या दशकातली, दगडधोंड्यांतून डोंगर चढण्यासाठी केलेली बुटकी गाडी होती. टायरांना गोठ्यातल्या बैलाच्या खुरांसारख्या खाचा, सायलेन्सर वर उचललेला, इंजिन पाण्याच्या तांब्याएवढे. खात्याने अशा नऊ घेतल्या होत्या. बाकीच्या आठ भंगारवाल्याने नेल्या आणि आठवडाभरात वितळवल्या.

हातगाडीवरून हे सगळे विद्यानगरला घरी आणले, तेव्हा पद्मावतीबाईंनी, म्हणजे माझ्या पत्नीने, दारातच विचारले, "कपाट आणायला गेला होतात ना? मग हे काय, कपाटाचं पिल्लू?"

हातगाडीच्या मागोमाग एक माणूस चालत आला होता. खाकी शर्ट, पन्नाशी उलटलेली. "जय भीम साहेब," तो म्हणाला. "मी किशनराव. या नऊ गाड्यांचा मिस्त्री. हिला भंगारात देऊ नका. मी ऐतवारी येतो."

किशनरावांचे आजोबा परभणीकडून रेल्वेच्या कामाला इथे आले, ते इथलेच झाले. किशनराव खात्यात कारागीर होते; पदनाम 'कारागीर (पहाडी मोटारसायकल)'. खात्याने सहा वर्षे प्लग मंजूर केला नाही, आणि सातव्या वर्षी त्यांच्याकडूनच दाखला घेतला की नऊही यंत्रे दुरुस्तीपलीकडे गेली आहेत.

"मग तुम्ही सही कशी केलीत?" मी विचारले.

"प्लग न्हाई तर गाडी चालत न्हाई. खरं तेच लिवलं की."

मला हा माणूस एकदम आवडला.

पुढचे दहा रविवार ते आले. सोबत त्यांच्या पत्नी पार्वतीबाई असत. त्यांची दृष्टी बारा वर्षांपूर्वी गेली होती. चिक्कडपल्लीच्या मागच्या गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर. त्या गल्लीत पार्वतीबाईंना काठी लागत नसे. दारापासून नळ एकवीस पावले, नळापासून किराणा दुकान चौतीस, उजव्या हाताला खांब लागला की भाजीवाली. शहरात त्यांचे एवढेच राज्य होते, आणि त्यात त्या कुणाचा हात धरत नसत.

पिस्टन गंजून चिकटला होता. त्यावर डिझेल ओतून गाडी आठ दिवस तशीच ठेवली. कार्बोरेटरच्या तरंगत्या डबीला भोक पडले होते. बेगम बाजारातल्या एका भांडेवाल्याकडून पितळेचा पत्रा आणून किशनरावांनी नवी डबी डाकली. इंजिनाची पॅकिंगे मात्र माझ्या ग्रंथालयातल्या जुन्या विषय-कार्डांची कापली. इंजिनाच्या डोक्याखाली 'तर्कशास्त्र' बसले, बाजूला 'नीतिशास्त्र'. तर्कशास्त्राने तेल धरले. नीतिशास्त्र थोडे गळत राहिले.

दहाव्या रविवारी गाडी फुरफुरली आणि गप्प झाली. किशनराव प्लग घासू लागले. ओट्यावरून पार्वतीबाई म्हणाल्या, "अवं, पॉइंट जळल्यात. त्या प्लगला कशाला छळताय?"

"तुला दिसतंय का?"

"मला न्हाई दिसत, पर तुमाला ऐकू येत न्हाई त्याचं काय?"

ठिणगी पाडणारे ते पॉइंट घासले. गाडी सुरू झाली. आख्खी गल्ली निळ्या धुरात बुडाली, आणि पद्मावतीबाई खोकत खोकत म्हणाल्या, "अभिनंदन. आता हिला घेऊन जरा लांब जा."

मी गेलो. आयुष्यात मी एकही वाहन चालवले नव्हते. विद्यानगरहून चिक्कडपल्लीच्या वाचनालयापर्यंत मी रोज जाऊ लागलो. सायकलवाले मला मागे टाकत, पण मागे टाकताना वळून बघत. गाडीची सरकारी नोंद अजून जिवंत होती, कारण ती मेल्याचे परिवहन खात्याला कोणी कळवलेच नव्हते. सहासष्टाव्या वर्षी, माझ्यामुळे काहीतरी चालू आहे, अशी भावना मला प्रथमच झाली.

आणि ऑगस्टमध्ये ते पत्र आले.

किशनराव त्याच संध्याकाळी आले. रविवार नव्हता. बसायला सांगितले तरी बसले नाहीत.

"साहेब, पत्र आलंय का? त्यातल्या 'चालू'वर रेघ मारा. आजच."

"पण किशनराव, गाडी चालू आहे."

"व्हय. मीच केलीया."

मग त्यांनी नियम सांगितला. पहाड सगळे पलीकडच्या राज्यात गेले होते. म्हणून पहाडी यंत्रे तिकडची, आणि यंत्रांमागे कारागीरही तिकडचा. नऊही यंत्रे मेलेली असतील तर कारागिराचे पद मेले. मेलेल्या पदावरचा माणूस 'अतिरिक्त' ठरून आहे तिथेच, म्हणजे हैदराबादेत, निवृत्तीपर्यंत बसतो. पण एक जरी यंत्र जिवंत असेल, तर पद जिवंत. मग किशनराव समुद्राकडच्या कुठल्याशा गावी.

"माझं काय साहेब, मी कुठंबी ऱ्हाईन," ते म्हणाले. "पर हिची पावलं हितंच हायेत."

मी म्हणालो, मी लगेच लिहितो. आणि लिहायला बसलो. पट्टी घेतली, पेन घेतले. 'चालू'वर पट्टी ठेवली, आणि मनात आले: उद्या सकाळी मी याच गाडीवर बसून वाचनालयात जाणार. म्हणजे मी खोटे लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी किशनरावांना ही अडचण सांगितली. त्यांनी प्लग काढला आणि माझ्या हातात ठेवला. "घ्या. झाली बंद."

"प्लग काढून ठेवलेली गाडी बंद नसते, किशनराव. थांबवलेली असते."

आतून पद्मावतीबाई म्हणाल्या, "अहो, एक रेघ ओढायची आहे. प्रबंध लिहायचा नाही."

किशनराव वळले. दारापर्यंत गेले आणि परत आले. "बंद म्हणून लिवा साहेब. फकस्त माझ्यासमोर लिवू नका." आणि पुढच्या रविवारी त्यांनीच तो प्लग परत बसवला. गाडी तशी पडलेली त्यांना बघवेना.

पंधरा दिवसांपैकी नऊ संपले होते. योग्य शब्द कोणता, हे अधिकाऱ्यालाच विचारावे असे मी ठरवले. आता कळते की चूक तिथे झाली. पण कदाचित ती आधीच झाली असेल.

अप्पाराव गारू, म्हणजे आपल्या भाषेत अप्पारावजी, हे विभाजन कक्षाचे अधिकारी. सज्जन माणूस. त्यांनी चहा मागवला.

"सकाळी चालू असते," मी सांगितले, "दुपारी तापली की बंद पडते. असं लिहिलं तर?"

"साब, फॉर्म में दोइच खाने हैं. और दुपहर कौनसे स्टेट को गयी, वो अबी तय नई हुआ."

"पण गाडी माझ्या घरी आहे. विकलेली आहे. ती काही समुद्राकडे जाणार नाही."

"गाडी काय को जाती? गाडी प्रायवेट है. पोस्ट सरकारी है. पोस्ट जाती."

"मग किशनराव तिकडे दुरुस्त काय करणार?"

अप्पारावांनी चहाचा घोट घेतला. "वो सवाल अब दूसरे सरकार का है, साब. हमारा नक्को."

"आणि उत्तर आलं नाही तर चालू, असं का धरता?"

"तीस साल का तजुर्बा है. जिसका बंद पडता, वो चिल्लाता. जिसका चलता, वो चुप बैठता."

निघताना ते म्हणाले, "आपका डाऊट अच्छा है. लिख के देव."

मी लिहून दिले. चार पाने, तळटिपांसह. 'चालू' म्हणजे काय? चालकासह की चालकाविना? सपाटीवर की चढावर? सरकारला माझा प्रश्न इतका मोलाचा वाटला की तो दोन्ही राज्यांकडे मतासाठी पाठवण्यात आला. एका राज्याने कळवले की चढ आमच्याकडे उरलेला नाही, म्हणून व्याख्या शेजारच्यांनी करावी. शेजारच्यांनी कळवले की यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून व्याख्या पहिल्यांनी करावी. मग दोघांची मिळून एक समिती झाली. तिच्या कागदांवर मला 'विषयतज्ज्ञ' म्हटले होते. माझ्या नावापुढे असा शब्द आयुष्यात प्रथमच आला, आणि तो कागद मी जपून ठेवला आहे, हे लपवत नाही.

पंधरा दिवस मध्यंतरी संपून गेले होते. फॉर्म माझ्याकडेच होता. समितीचा निर्णय होईपर्यंत रेघ ओढणे औचित्याला धरून होणार नाही, असे मी पद्मावतीबाईंना सांगितले.

"औचित्य कुठे राहतं? चिक्कडपल्लीला?" त्या म्हणाल्या. "मी ओढते रेघ. द्या ते पेन."

मी पेन दिले नाही. विषयतज्ज्ञाची सही बायकोने करणे बरे दिसले नसते. आणि खरे सांगायचे तर कारण एवढेच नव्हते. माझ्या हाताखाली एक गोष्ट चालू झाली होती. ती बंद आहे असे माझ्याच अक्षरात लिहायला माझा हात धजत नव्हता.

फेब्रुवारीत हुकूम निघाला. उत्तर न आल्याने यंत्र क्रमांक नऊ चालू. यंत्र चालू असल्याने पद जिवंत. पद जिवंत असल्याने किशनराव कार्यमुक्त. नव्या जागी हजर होण्यास सात दिवस.

निघायच्या आदल्या दिवशी ते दोघे आले. मी आत पुस्तके लावत राहिलो; बाहेर कसे यावे हे मला कळेना. पद्मावतीबाईंनी पार्वतीबाईंचा हात धरला होता. किशनरावांनी गाडीचे पॉइंट घासले, तेल बघितले, साखळी ताणली.

"साहेब हायेत का?" त्यांनी विचारले.

"आहेत," पद्मावतीबाई म्हणाल्या. "विचार करतायत."

"करू द्या. हिला दुपारी दामटू नका म्हनावं."

महिन्याभराने पद्मावतीबाईंना फोन आला. किशनराव रोज सकाळी दहाला कचेरीत जात, वहीत लिहीत: 'यंत्र क्रमांक नऊ: चालू. दुरुस्तीची गरज नाही.' पाच वाजता परत. यंत्र सहाशे किलोमीटर लांब होते, पण नोंद दोन्ही सरकारांना मान्य होती. आणि पार्वतीबाई? "ती खाटेवरच बसून असती," ते म्हणाले. "नळ कुठं हाय ते मी दावलंय. पर हितली पावलं जुळत न्हाईत म्हनती. मोजायलाच काढत न्हाई."

गाडी त्यानंतर तीन आठवडे चालली. मग पॉइंट जळले. विद्यानगरातले मिस्त्री तिच्याभोवती एक फेरी मारत आणि म्हणत, "इसका पुर्जा नई आता, चाचा." 'नीतिशास्त्र' पूर्ण फाटले. पुढे टायरही बसले.

मी घाई केली नाही. बंद म्हणजे नक्की बंद, याची खात्री होईपर्यंत थांबलो. वर्षभर रोज सकाळी दहा किका मारल्या. एकदाही फुरफुरली नाही. समिती दरम्यान बरखास्त झाली होती; व्याख्या झाली नाही, पण आता व्याख्येची गरजही नव्हती.

मग काल, सन २०१६ च्या सप्टेंबरात, मी पट्टी घेतली आणि 'चालू' या शब्दावर एक सरळ, बारीक रेघ ओढली. सही केली, तारीख घातली. पाकीट घेऊन पायीच चौकापर्यंत गेलो आणि पेटीत टाकले. आत पडल्याचा आवाज आला.

त्या उत्तरात एक अक्षरही खोटे नाही. हे मी पद्मावतीबाईंना सांगितले, तेव्हा त्या उठून आत गेल्या. पण तुम्ही पुस्तके वाचणारी माणसे आहात, तुम्हाला पटेल. माझ्या जागी तुम्हीही हेच केले असते. शब्दाला जपणारी माणसे आपण.