चिखलासमोरचा बाक

डॉक्टर विवेक खांबेट्यांना बाकावर आपलं नाव हवं होतं. अमेरिकेतल्या नोव्हायजवळच्या पाणपक्ष्यांच्या अभयारण्यात नावाच्या पितळी पाट्यांचे बाक आहेत. देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव वाचत वाढलेल्या माणसाला त्यात वावगं काहीच वाटलं नाही. पण हंसांच्या खोल तळ्यासमोरचे बाक गेलेले. बगळ्यांच्या पाणकणसांतले गेलेले, बदकं घरटी करतात त्या वठलेल्या झाडांखालचेही गेलेले. उरला होता चिखलाच्या पट्ट्यासमोरचा एक. तिथे हजारो मैलांवरून पक्षी उतरतात, असं वेबसाइट सांगत होती. वास येतो, हे सांगत नव्हती.

फॉर्ममध्ये नावापुढे वर्षांसाठी दोन चौकटी होत्या. पहिलीत त्यांनी १९५१ टाकलं. दुसरी भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. जन्मभर पेशंटना ‘नीट वाचून सही करा’ सांगणाऱ्या डॉक्टरांनी वैतागून चालू वर्ष टाकलं, बटण दाबलं आणि बायकोला, वीणाताईंना, घेऊन महिनाभर शिकागोला मुलीकडे निघून गेले.

इकडे अभयारण्याच्या वार्तापत्रात बाकाचा फोटो आला. तिथल्या मराठी मंडळातल्या प्रीताने तो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, आणि हात जोडायची चढाओढ लागली. डॉक्टर त्या ग्रुपवर नव्हते. मंडळाच्या मागच्या निवडणुकीत भांडून ग्रुपमधून बाहेर पडले होते, विश्वस्तपद मात्र सोडलं नव्हतं. दोघीतिघी पिठलंभात घेऊन घरी जाऊन आल्या. दार उघडलं नाही, तेव्हा वीणाकाकू अस्थी घेऊन भारतात गेल्या असणार असं ठरलं. अशा वेळी फोन कसा करायचा, म्हणून कोणी केला नाही. शोकसभा बाकापाशीच घ्यायची ठरली, कारण तिथे हॉल बुक करावा लागत नव्हता.

रविवारी शिकागोहून परतताना डॉक्टरांनी गाडी थेट अभयारण्यात घातली. लाकडी पायवाटेवरून पाणकणसांच्या वळणाशी पोचले, तर पलीकडे अख्खं मंडळ. बाकाला झेंडूचा हार, शेजारी समोशांचा ट्रे.

“काय लिहिलंत फॉर्ममध्ये?” वीणाताईंनी विचारलं. त्यांना पाटी वाचता येत होती.

“दुसरी चौकट मागत होते.”

“जा आता पुढे. सांगा त्यांना.”

“थांब गं. बोलतायत.”

मंडळाचा अध्यक्ष देवांग बोलत होता. “काका म्हणजे शिस्त. मीटिंग दोन मिनिटं लेट झाली तरी बोलायचे.” तो थांबला. “बरंच बोलायचे.” कोणीतरी हसलं. मग प्रीता उठली. प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा त्या पॉटलकला काका दर वेळी काकडीच आणायचे, पण व्यवस्थित चिरून, एवढं सांगून बसली. मागून कोणी म्हणालं, “जागा तरी बरी निवडायची ना यार. काय वास मारतोय.”

वीणाताईंनी नवऱ्याची बाही ओढली. “चला.”

“अजून कोणी चांगलं बोललं नाहीये.”

बावीस वर्षं डॉक्टरांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, हातात जेवणाचं ताट धरून या लोकांचे ईसीजी वाचले होते. त्याबद्दल एक वाक्य ऐकून मग जिवंत व्हायचं, असं त्यांनी ठरवलं.

वाक्य आलं नाही. ठराव आला. काकांच्या रिकाम्या झालेल्या विश्वस्तपदावर देवांगच्या मेव्हण्याला घ्यावं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच सगळे हात वर गेले. कोणाकोणाचे, ते पाहायला डॉक्टर जरा पुढे वाकले, पायवाट संपली आणि ते गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. शेकडो पक्षी एकदम उडाले. सगळ्यांनी वळून पाहिलं.



“काका, बरं झालं हो,” देवांग म्हणाला. मग थोडा विचार करून, “पण ठराव पास झालाय.”

बऱ्याच जणांनी फोन वर उचलले. डॉक्टरांना वर उचलायला आली ती अभयारण्यातली एक म्हातारी अमेरिकन स्वयंसेविका, गमबूट घालून. पाटी तिनेच बसवली होती. मराठीचं अक्षर न कळता ती सभाभर मागे उभी राहून रडत होती. एकटीच. डॉक्टरांना ती आयुष्यात कधी भेटलेली नव्हती.

पाटीवरचं नाव याच माणसाचं, हे कळल्यावर तिने डोळे पुसले. मग शांतपणे सांगितलं, की उत्तर ध्रुवाकडून उपाशीपोटी आलेले पक्षी तुम्ही उडवलेत, तेव्हा हंगाम संपेपर्यंत तुम्हाला इथे यायला बंदी.

डॉक्टरांनी वीणाताईंकडे पाहिलं. त्या हार बाजूला सारून बाकावर बसल्या होत्या आणि समोसा खात होत्या. त्यांना बंदी नव्हती.