आम्ही घरी हेच घालतो

"आम्ही घरी हेच घालतो हो!" हे वाक्य तात्यांनी बावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या गळी उतरवलं होतं. पारंपरिक पोशाखांच्या दुकानातले ते सर्वांत जुने विक्रेते. स्वतःच्या अंगात मात्र कायम चौकड्यांचा शर्ट. तात्यांनी जन्मात अंगरखा घातला नव्हता, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक.

एके दिवशी मालकांनी फर्मान काढलं. "उद्यापासून जो माल विकायचा, तोच अंगावर. तात्या, तुम्ही मुरलेले. बाकीच्यांना बंद बांधायला शिकवा."

दुसऱ्या दिवशी तात्या तासभर आधीच आले. अंगरख्याला बंद बारा. कुठला कशाला बांधायचा, देव जाणे! अखेर त्यांनी काचेतल्या पुतळ्याचा बांधलेला अंगरखा-पायजमा तसाच उतरवला आणि अंगात कोंबला. पुतळा काडी, तात्या पोतं. पाठ मानेपासून कमरेपर्यंत टर्रकन उसवली. पुतळा उघडा नको, म्हणून त्याला आपला शर्ट-पँट चढवून तात्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आलेल्या मावशी म्हणाल्या, "छान दिसतोय. वळा बघू, मागून कसा आहे?"

"पाठ दाखवणं आमच्या घराण्यात नाही, मावशी. आम्ही घरी हेच घालतो."

"पण बंद केवढे! आमच्या ह्यांना बुटाची नाडी धड बांधता येत नाही. त्यापेक्षा तो काचेतला शर्ट दाखवा."

मालक धावले. "काय नजर आहे! शेवटचाच नग."

तात्या भिंतीला आणखी चिकटले. शर्ट माझा म्हणावं, तर सगळंच उघडं पडणार.

"टिकेल ना?" मावशींनी विचारलं.

"सहा वर्षं टिकलाय... म्हणजे, टिकेल," तात्या बोलून गेले.

"कॉलर उलटवून शिवल्यासारखी वाटते."

"हातकाम आहे," मालक म्हणाले. "तात्या, बांधून द्या."

बायकोनं शिवलेला तो शर्ट तात्यांनी स्वतःच्या हातांनी बांधून दिला. पँट मावशींनी जोडीला मागून घेतली.

संध्याकाळी तात्या भिंती धरून, खेकड्यासारखे आडवे चालत घरी पोचले. बंद काही केल्या सुटेनात; अंगरखा घरातही अंगावरच राहिला. बायको सुईदोरा घेऊन पाठीमागे बसली.

"हलू नका, टोचेल. आणि तोंड का पाडलंय एवढं?"

तात्यांनी मान आणखी खाली घातली.

"बावीस वर्षांत आज पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खरं बोललो गं."