बाळाराम मिस्त्रीचा काटा

बाळाराम मिस्त्री माणसाला नाव विचारायचा नाही, वजन विचारायचा. आणि तुम्ही सांगितलेला आकडा त्याला कधी पटायचा नाही. "काट्यावर चढ," एवढंच.

कामतघर वस्तीतल्या त्याच्या गॅरेजात मोटरसायकलींपेक्षा तो काटाच आधी डोळ्यांत भरायचा. बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यातून आणलेला, सुताच्या गोण्या तोलायचा. पोस्टमन, गिऱ्हाईक, वर्गणीवाले, सगळे त्याच्यावर एकदा तरी चढून गेलेले.

मी त्याची गाडी रेसला चालवायचो. माझे वडील लूमवर डबल शिफ्ट मारायचे आणि मी आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. म्हणून मीच त्याला समजावलं, की इंजिनाचा जोर तेवढाच असेल, तर हलका स्वार गाडीला लवकर पळवतो.

"ग्रॅज्युएट, पुस्तक तुजं बरोबर हाय," तो म्हणाला. "पोट चुकतंय."

त्या महिन्यात पोट चुकून चालणार नव्हतं. धामणकर नाक्यावरच्या युसूफ उस्तादशी पैज लागली होती. चारशे मीटर, सरळ. हरेल त्याने गॅरेजवरची 'रेसिंगचं काम' ही पाटी कायमची उतरवायची. मिस्त्रीने ती स्वतः रंगवली होती आणि रोज सकाळी स्वतः पुसायचा.

मला रोज किल्ल्या, पट्टा, घड्याळ काढून काट्यावर उभं करायचा.

"पानी प्यालास?"

"अर्धा ग्लास."

"अर्ध्या ग्लासानं रेस जाते! आनि ते केस काप."

माझं वजन तो शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचा. शेजारी दुसरी एक रांग होती, बिननावाची, ग्रॅममधली: 'दोनशे चढलं', 'शंभर उतरलं'. तिथे चढलं की मिस्त्री खूश, मला बिनसाखरेचा चहा. उतरलं की दिवसभर पाने आपटायचा. मी ताडलं, उस्तादच्या गॅरेजात याचा माणूस आहे आणि तिकडचा स्वार अंगानं सुटत चाललाय. विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला तेवढा तर्क करता येतो.

रविवारी सकाळी कोन गावाजवळच्या गोदामांच्या आतल्या बंद रस्त्यावर जमलो. उस्तादचा स्वार हेल्मेट घेऊन पुढे आला. काडी! वारा आला असता तर धरावा लागला असता.

"मिस्त्री, हा तर वाढत होता ना?"

"कोन बोल्ला तुला?"

"शटरवर लिहिलंय की."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "क्लचवर ध्यान दे."

रुमाल पडला. मी सुटलो बरोबर, निम्म्या अंतरापर्यंत पुढेही होतो. मग डाव्या बाजूला ती काडी दिसायला लागली. गिअर टाकला, टाकीवर छाती टेकवली, श्वाससुद्धा घेतला नाही. अर्ध्या चाकाने हरलो.

"बाळारामभाई, रहने दो पाटी," उस्ताद म्हणाला. "यारी की बात है."

"जबान दिली हाय," मिस्त्री म्हणाला आणि निघाला.

दुपारी पाटी उतरवायला म्हणून मी गेलो. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं तर काट्यावर वहिनी उभ्या, मिस्त्रीची बायको. टीबीच्या गोळ्या चालू आहेत, एवढं मला ठाऊक होतं. इतक्या वाळल्यात, हे ठाऊक नव्हतं.

"चपला काढते."

"ऱ्हाऊ दे."

"पाटी गेली. आता हेपन उतरलं असंल."

"गप उभी ऱ्हा."

मिस्त्री वाकून दांडीवरचं वजन सरकवत होता. माझ्या खिशात किल्लीसुद्धा ठेवू न देणारा माणूस. त्याचा उजवा पाय वहिनींच्या मागून हळूच काट्याच्या पाटावर आला आणि अंगठा दाबला गेला.

"तीनशे चढलंय. बघ की!"

वहिनी दांडीकडे बघून हसल्या. तेवढ्यात त्याला मी दिसलो. अंगठा त्याने काढला नाही.

"ग्रॅज्युएट, लिव."

मी खडू घेतला आणि बिननावाच्या रांगेत लिहिलं, 'तीनशे चढलं'.