गांजाचा धूर आणि सिनेटर ड्रायलिंग

सिनेटर व्हर्लिन ड्रायलिंग यांचं प्रचारपत्रक शुक्रवारी सकाळी परगण्यातल्या घराघरांत पोचलं, आणि दुपारी शेरीफ डेल्मर उन्रूचा फोन आला.

"फोटो झकास आलाय रे तुझा," डेल्मर म्हणाला. दोघं शाळेपासूनचे दोस्त. "'गांजाला आमच्या कॅन्ससमध्ये थारा नाही.' वा! पण तुझ्या मागे ते हिरवंगार काय आहे?"

"झाडं आहेत. ओढ्याकाठची. माझा सहायक कीगन म्हणाला, हिरवळ चांगली दिसेल."

"कसली झाडं?"

व्हर्लिननी चष्मा लावून पत्रक डोळ्यांशी धरलं. पाच-पाच, सात-सात बोटांची पानं त्यांच्या खांद्यावरून डोकावत होती. त्यांच्या टोपीवर तर एक पान तुऱ्यासारखं उभं होतं.

"डेल्मर," ते हळूच म्हणाले, "हा गांजा आहे."

"मी काही म्हटलेलं नाही हं. मी फोटोचं कौतुक करायला फोन केला होता," असं म्हणून डेल्मरने फोन ठेवला.

गांजा जवळ सापडला तर तुरुंगाऐवजी नुसता दंड करावा, असं एक विधेयक राजधानी टोपेकात समितीपुढे आलं होतं. व्हर्लिन त्याचे कट्टर विरोधक. त्यांच्या शेतावर शनिवारी पक्षाची सहल होती आणि टीव्हीवरची वार्ताहर मारिसोल टफोया त्यांची मुलाखत घ्यायला तिथेच येणार होती. म्हणजे त्याआधी ओढ्याचा काठ साफ व्हायला हवा होता.

शनिवारी उजाडताच व्हर्लिन आणि कीगन कोयते घेऊन ओढ्यात उतरले. उभं असताना मूठभर वाटणारं ते रान कापल्यावर धान्याच्या कोठाराएवढं झालं.

"ट्रकमध्ये भरून कचरा डेपोत टाकू या, साहेब?"

"आणि वाटेत कोणी अडवलं तर? सिनेटर ट्रकभर गांजा घेऊन निघालेत म्हणून?"

"मग पुरू या."

व्हर्लिननी फावडं मारलं. पावसाविना तडकलेल्या जमिनीने ते ठणकन परत पाठवलं. शेवटी कोठारामागे ढीग करून पेटवायचं ठरलं. शेतकरी काहीबाही जाळतच असतात, कोणी ढुंकून बघत नाही.

पण ओलं रान काही नीट पेटेना. नुसतं धुमसत राहिलं. सहलीच्या तंबूत मंडळी जमायला लागली, व्हर्लिनच्या पत्नी लोरेनाबाईंनी कोबी-खिमा भरलेले गरम पाव, म्हणजे बिअरॉक मांडले, आणि नेमका त्याच वेळी वारा फिरला. पांढरा दाट धूर कोठाराला वळसा घालून सरळ तंबूत शिरला.

कीगन धावत लोरेनाबाईंकडे गेला. "काकू, सगळ्यांना तिकडे झाडांखाली न्या! तो धूर गांजाचा आहे!"

तो कानात बोलला खरा, पण पलीकडे ओपल विटवर बसल्या होत्या. महिला आघाडीच्या अध्यक्ष, वय ऐंशीच्या घरात, कान मात्र शाबूत. दोन मिनिटांत अख्ख्या तंबूला बातमी कळली.

आता पळापळ होणार म्हणून कीगनने डोळे मिटून घेतले. उघडून बघतो तो, कोणी हललेलं नव्हतं. उलट मागच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

"माझा गुडघा!" ओपलबाई म्हणाल्या. "अगं लोरेना, दुखायचा थांबला की!"

"मला तर भूक लागली," पक्षाचे खजिनदार म्हणाले आणि त्यांनी चौथा बिअरॉक उचलला. मग ते स्वतःशीच हसले. त्यांना हसताना आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

व्हर्लिन कोठारामागून बाहेर आले ते डोळे चोळत. सर्वांत जास्त धूर त्यांनीच गिळला होता. डोकं हलकं झालंय, पाय कापसावर पडताहेत, असं त्यांना वाटत होतं. समोर मारिसोल माइक घेऊन उभी.

"सिनेटर, बुधवारी विधेयकावर मतदान आहे. तुमची भूमिका तीच का?"

व्हर्लिननी तोंड उघडलं. ठरलेलं वाक्य ओठांवर होतं. पण मनात आलं, आपण आज शुद्धीत नाही, आज जे बोलू ते धुराचं बोलणं. आणि एकदम छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"मूर्खपणा आहे हा सगळा," ते म्हणाले. "आमच्या न्हाव्याच्या पोराच्या गाडीत गांजाची एक सिगारेट सापडली. त्याला सैन्यात जायचं होतं. तुरुंगात गेला, सैन्य राहिलं. त्याची आई माझ्याकडे आली, तर मी म्हटलं, बाई, कायदा तो कायदा. तेव्हापासून मी केस कापायला दुसऱ्या गावी जातो. तोंड दाखवायची लाज वाटते. दंड करा आणि सोडा! पोरांना आत कशाला टाकायचं?"

तंबूत टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात ओपलबाईंच्या.

संध्याकाळी मुलाखत राज्यभर दिसली. रात्री जेवताना व्हर्लिन कीगनला सारखे विचारत होते, आता काय करायचं.

"घाबरू नका, साहेब," कीगन म्हणाला. "निवेदन पाठवून देतो. 'शेतातलं तण जाळताना चुकून विषारी धूर लागल्याने सिनेटरांचं भान हरपलं होतं. त्यांची भूमिका बदललेली नाही.'"

"खरंच भान हरपलं होतं ना रे माझं?" व्हर्लिननी बायकोला विचारलं.

"मला कसं कळणार?" लोरेना म्हणाली. "बोलत मात्र होतास शहाण्यासारखा."

निवेदन गेलं. मंगळवारी सकाळी डेल्मर दारात हजर, हातात टोपी.

"टीव्हीवर तो धूर दिसला, मग मला ढिगातला नमुना तपासायला पाठवावाच लागला," तो म्हणाला. "पण पेढे वाट, सुटलास! तो जुन्या काळी दोरखंडासाठी पेरायचे तो रानगांजा. नशा औषधालाही नाही. अख्खा ढीग ओढला असतास तरी फक्त डोकं दुखलं असतं. गुन्हाच नाही!"

लोरेना हसली. व्हर्लिन मात्र खुर्चीत बसले.

"म्हणजे शनिवारी मी..."

"पूर्ण शुद्धीत होतास."

"आणि ओपलचा गुडघा?" लोरेनाने विचारलं.

"ते तिचं तिला माहीत."

कीगन घाईघाईने म्हणाला, "शेरीफसाहेब, नमुना पुन्हा तपासता येईल का? थोडीशी तरी नशा निघाली तर..."

"निघाली तर साहेबांना बेड्या घालाव्या लागतील. बघ बाबा."

तेवढ्यात ओपलबाईंचा फोन आला. "व्हर्लिन, तुझं निवेदन वाचलं. मला तुझं बोलणं पटलं म्हणून मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणतोस तो धूर होता. मग मी काय धुरात टाळ्या वाजवत होते? उद्या मतदानात काय करायचं ते ठरव. गुडघा परत दुखायला लागलाय, माझं डोकं आणखी दुखवू नकोस."

व्हर्लिननी फोन ठेवला. मग म्हणाले, "कीगन, नवं निवेदन लिही. धुरात काही नव्हतं. बोललो ते मी बोललो."

"साहेब, खुर्ची जाईल."

"जाईल तर जाईल. लिही."

कीगन लिहायला बसला आणि पुन्हा फोन वाजला. या वेळी समितीचे अध्यक्ष, रॉयस हॉलेनबेक. गांजाच्या बाबतीत व्हर्लिनपेक्षाही कडक माणूस. व्हर्लिननी शिव्या ऐकायची तयारी करून फोन कानाला लावला.

"व्हर्लिन," पलीकडचा आवाज दबका होता. "एकटाच आहेस ना? ते जाळलंस त्यातलं थोडं उरलंय का?"

"असेल पोतंभर. का?"

"आज संध्याकाळी माझ्याकडे मेजवानी आहे. पत्रकार येताहेत. पाठवून दे. मलाही बरेच दिवस काही बोलायचंय."

"रॉयस, त्यात नशाच नाही. अहवाल आलाय."

रॉयसने आवाज आणखी खाली आणला.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"आत्ता जाहीर करतोय."

"उद्यापर्यंत थांबशील?"

"नाही."

रॉयसने मोठा सुस्कारा सोडला.

"म्हणजे आता," तो केविलवाणा होऊन म्हणाला, "शुद्धीतच बोलावं लागणार?"